हमाली खाते

दिवाळीच्या पाडव्याला पेढीवर नव्या वहीचे पूजन होते. हिशेब संगणकात गेले त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही त्या दिवशी घरोघरी येतेच. कुंकवाचे स्वस्तिक, ‘शुभ’ आणि ‘लाभ’, विड्याचे पान, त्यावर सुपारी आणि नाणे, एवढे झाले की वही मिटून ठेवली जाते. एखाद्या जुन्या धान्यपेढीची तीस-चाळीस वर्षांपूर्वीची खतावणी अजून माळ्यावर असेल, तर ती मात्र एकदा उघडून पाहण्यासारखी असते. तीत दोन तऱ्हेची खाती आढळतात. काही खाती माणसांची: अमुक गावचा शेतकरी, तमुक पेठेतला किराणा दुकानदार, दलाल, मुनीम, कापसाचा अडत्या. प्रत्येकाचे नाव, गाव, जमा आणि नावे. उरलेली खाती खर्चाची: दुकानभाडे, दिवाबत्ती, टपाल, सुतळी-बारदान, हमाली.

पेढीशी ज्याचा ज्याचा म्हणून बारमाही संबंध, त्याचे नाव खतावणीत कुठे ना कुठे सापडते. पहाटे ट्रक रिकामा करणारा, पोत्यांची थप्पी लावणारा, संध्याकाळी तीच पोती हातगाडीवर चढवणारा माणूस तेवढा नावाने सापडत नाही. त्याच्या नावाचे खाते नाही, त्याच्या कामाचे आहे. वीस वर्षे तो एकाच दुकानाच्या पायरीवर बसत असला, शेठजी त्याला हाक मारून चहा देत असले, त्याच्या मुलीच्या लग्नात आहेर करत असले, तरी वहीत तो दिवाबत्तीच्या शेजारी बसतो.

अर्थशास्त्रज्ञ ज्याला औपचारिक आणि अनौपचारिक अर्थव्यवस्था म्हणतात, त्यांच्यामधली रेघ शोधायला दूर जावे लागत नाही. ती या खतावणीतूनच जाते. एकाच छपराखाली, एकाच व्यवहारात, एकाच दिवशी दोन्ही अर्थव्यवस्था काम करीत असतात. शास्त्राला मात्र हे उमगायला बराच वेळ लागला.

‘अनौपचारिक’ हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो एका ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञामुळे. कीथ हार्ट हे १९६० च्या दशकात घाना देशाच्या राजधानीत, अक्रा शहरातील निमा या वस्तीत राहून अभ्यास करीत होते. देशाच्या उत्तर भागातून आलेले फ्राफ्रा समाजाचे लोक तेथे दाटीवाटीने राहत. सरकारी कागदांत त्यांतील पुष्कळजण बेकार किंवा अर्धबेकार होते. हार्ट यांना वस्तीत रिकामा बसलेला माणूस सहसा दिसेना. कोणी विणकाम करी, कोणी जुने कपडे विकी, कोणी घरगुती मद्य गाळी, कोणी व्याजाने पैसे देई. ज्याला पगाराची नोकरी होती तोही पगारात भागत नसल्यामुळे असा एखादा जोडधंदा करी. ही माणसे बेकार नव्हती. त्यांची कमाई मोजण्याचे माप सरकारजवळ नव्हते. सप्टेंबर १९७१ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात भरलेल्या परिषदेत हार्ट यांनी हे मांडले आणि १९७३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दरम्यान १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अभ्यासमंडळाने केनियाविषयी जो अहवाल दिला, त्याने हा शब्द जगभर नेला. नैरोबीत उघड्यावर बसून पत्र्याच्या शेगड्या आणि पेट्या ठोकणाऱ्या कारागिरांना स्वाहिली भाषेत ‘जुआ काली’ म्हणतात, म्हणजे कडक ऊन. छप्पर नसलेला धंदा, एवढाच त्याचा अर्थ. या लोकांच्या झोपड्या पाडणे आणि परवान्यांवरून त्यांना छळणे थांबवा, असे त्या अहवालाने सरकारला सांगितले.

शब्द मिळाला आणि त्याबरोबर एक गैरसमजही जन्मला. ‘क्षेत्र’ म्हटले की कुंपण डोळ्यांपुढे येते. अलीकडे कारखाने, बँका, कंपन्या. पलीकडे फेरीवाले, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया. जणू विकास होत जाईल तसे पलीकडचे लोक एकेक करून अलीकडे येतील. दक्षिण गुजरातेतील मजुरांमध्ये वर्षानुवर्षे वावरलेले डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७६ सालीच या दुहेरी चित्रावर आक्षेप घेतला होता. माणसे, माल आणि पैसा या कुंपणातून सतत ये-जा करतात, मग ते कुंपण कसले, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. पुढे पेरू देशाचे एर्नांदो दे सोतो यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात वेगळेच दुखणे दाखवले. लिमा शहरात शिवणकामाचा एक छोटा कारखाना कायदेशीर मार्गाने नोंदवून पाहिला, तेव्हा त्याला २८९ दिवस लागले. गरीब माणूस कायद्याबाहेर राहतो तो हौसेने नव्हे, कायद्यात शिरण्याचा खर्च त्याला परवडत नाही म्हणून, हा त्यांचा निष्कर्ष. दुकानाचा परवाना काढण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणाही व्यापाऱ्याला तो पटेल. पण तो अर्ध्यावर थांबतो. शिवणयंत्राचा मालक कायद्याबाहेर का राहिला हे त्यातून कळते. त्या यंत्रावर बसलेल्या कारागिराचे नाव मालकाच्या वहीत का नाही, हे कळत नाही. परवाना एका दिवसात मिळाला म्हणून ते नाव आपोआप चढत नाही.

अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील असंघटित क्षेत्रविषयक राष्ट्रीय आयोगाने २००४-०५ च्या आकडेवारीवरून देशातील सुमारे ९२ टक्के श्रमिक अनौपचारिक असल्याचे दाखवले. हा आकडा वारंवार सांगितला जातो. त्याच आयोगाचे दुसरे निरीक्षण क्वचितच कोणी सांगते: संघटित म्हणवणाऱ्या आस्थापनांत जे काम करतात, त्यांपैकीही जवळजवळ निम्मे अनौपचारिकच होते. कंपनी नोंदलेली, तिचा कर भरलेला, हिशेब तपासलेला. आणि कामावरचा माणूस मात्र कंत्राटदाराच्या खिशातल्या चिठ्ठीवर. म्हणजे ती रेघ दुकाना-दुकानांच्या मधून जाते असे नाही. ती दुकानाच्या आतून जाते.

अनौपचारिक म्हणजे मागासलेले, असाही एक समज आहे. तो खोडून काढायला व्यापारी घराण्यांना आपल्याच इतिहासाकडे पाहावे लागेल. हुंडी ही शतकानुशतके चाललेली अनौपचारिक व्यवस्था होती आणि ती कोणत्याही बँकेच्या तोडीची होती. दाखवताच पैसे द्यावयाची ती दर्शनी, ठरल्या मुदतीने द्यावयाची ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे, ज्याला सारे ‘शाह’ म्हणून ओळखतात, अशाच माणसाच्या हाती ते जात. पुढे हुंडी खोटी ठरली तर तो उत्तर द्यायला जागेवर असे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर पेठ लिहून देत, तीही हरवली तर परपेठ. या साऱ्यामागे ना कायद्याचे कलम होते, ना न्यायालयाचा शिक्का. होती ती पत आणि बाजाराची आठवण.

इंग्रजी राजवटीने १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा पहिल्याच कलमात असे लिहिले की पौर्वात्य भाषेतील दस्तऐवजांविषयी जो स्थानिक रिवाज असेल त्याला या कायद्याने बाध येणार नाही. परक्या सरकारने देशी सावकारीच्या रिवाजापुढे घेतलेली ती माघार होती. १९३७ मध्ये रिझर्व्ह बँकेने या सराफांना आपल्याशी जोडून घेण्याची योजना मांडली. अट अशी की त्यांनी सावकारीखेरीजचा व्यापार सोडावा आणि हिशेब तपासणीसाठी खुले करावेत. सराफांनी नकार दिला. त्यांना तो परवडला, कारण औपचारिक व्यवस्थेबाहेर राहूनही त्यांचे काही अडत नव्हते.

हमालालाही कायद्याने त्याच्या रिवाजावर सोडले होते. पण त्याचा रिवाज काय होता? काम असेल त्या दिवशी मजुरी, नसेल त्या दिवशी उपास. मणक्याचे दुखणे झाले तर गावी परत. मजुरीतून मुकादमाचा वाटा. बाजाराची आठवण शाहाच्या पाठीशी उभी राहत असे. हमालाच्या बाबतीत तो बाजार विसराळू होता. नाव असलेल्याची अनौपचारिकता आणि नाव नसलेल्याची अनौपचारिकता या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. अभ्यासकांच्या तक्त्यांत त्या एकाच रकान्यात मांडल्या जातात, हे दुर्दैव.

मुंबईच्या मस्जिद बंदर, दाणाबंदर, भातबाजार या भागांत डोक्यावर ओझी वाहणारे बहुसंख्य मजूर सातारा जिल्ह्यातले आणि पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव, खेड पट्ट्यातले. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. त्यांच्यासाठी कामगार कायदे नव्हते असे नाही. कारखान्यांचा कायदा होता, भविष्य निर्वाह निधीचा होता, नुकसानभरपाईचा होता. पण हे कायदे लागू करायला गेले की पहिलाच प्रश्न येई: याचा मालक कोण? सकाळी सातला ट्रकमालक, आठला अडत्या, दहाला शेजारचा दुकानदार, दुपारी माल उचलणारा गिऱ्हाईक. दिवसाकाठी दहा जणांचे काम करणाऱ्या माणसाची जबाबदारी दहांपैकी एकावरही येत नसे. व्यापाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तासाभराच्या कामासाठी कोणी कोणाला नोकर कसे म्हणावे? आणि हमालाचे म्हणणेही चुकीचे नव्हते. तो आयुष्यभर एकाच बाजाराचा नोकर होता.

साताऱ्याकडूनच आलेले अण्णासाहेब पाटील यांनी या मजुरांना संघटित केले. मोर्चे, संप, वाटाघाटी अशा वाटेने १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. गोदी कामगारांसाठी १९४८ सालीच झालेल्या केंद्रीय कायद्याचा पाठ समोर होता. बोटी रोज बदलतात, मजूर तेच राहतात, ही अडचण तेथेही होती.

या कायद्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. मालक कोण हा प्रश्न त्याने सोडवलाच नाही, तो ओलांडला. मालक, मजूर आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ प्रत्येक व्यवसायासाठी नेमायचे: किराणा बाजाराचे वेगळे, कापड बाजाराचे वेगळे, लोखंड-पोलादाचे वेगळे. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरांच्या टोळीनेही करायची. जेवढे काम झाले तेवढी मजुरी, आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही, व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मजुरी मंडळ वाटणार. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार. दहा दुकानदारांकडून आलेले दहा तुकडे एका माणसाच्या एका खात्यात जमा होऊ लागले. हमाल कोणाचाच कायम नोकर झाला नाही, आणि तरीही सेवानिवृत्तीच्या दिवशी त्याच्या हाती रक्कम येण्याची सोय झाली. टोळी, तिचा मुकादम, कामाचा मोसम, नगावर ठरणारी मजुरी, यांतले काहीही मोडावे लागले नाही. अनौपचारिक कामाचा आकार तसाच ठेवून त्याला औपचारिक हक्क जोडता येतात, याचा एवढा जुना आणि एवढा व्यवहार्य दाखला विकसनशील देशांत फार थोडा सापडेल. केरळनेही १९७८ मध्ये आपल्या ओझेवाल्या मजुरांसाठी असा कायदा केला.

व्यापाऱ्यांनी हे सुखाने स्वीकारले असे म्हणणे खोटे ठरेल. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. तक्रारी राहिल्याच, आणि त्यांतल्या काही खऱ्या आहेत. ठरलेल्या टोळीखेरीज दुसरा माणूस लावता येत नाही. यंत्राने माल उतरवला तरी मजुरीची मागणी होते. अलीकडच्या काळात औद्योगिक वसाहतींत ‘माथाडी’ हे नाव लावून खंडणी मागणाऱ्या टोळ्यांनी तर या शब्दालाच काळिमा लावला. २०२३ मध्ये विधिमंडळात आलेल्या दुरुस्ती विधेयकामागे हीच तक्रार होती. खंडणीखोराला कायद्याने गाठलेच पाहिजे. पण खोट्या हुंड्या लिहिणारेही बाजारात होते आणि त्यांच्यामुळे कोणी हुंडीची चाल मोडीत काढली नव्हती.

पुण्यात याच प्रश्नाला हात घातला तो डॉक्टरी पेशातून आलेल्या बाबा आढाव यांनी. नाना पेठ, भवानी पेठेतल्या हमालांची हमाल पंचायत त्यांनी १९५० च्या दशकात उभी केली. मजुरीच्या दराइतकेच या चळवळीने आणखी दोन गोष्टींकडे लक्ष दिले. एक, भाकरी: ‘कष्टाची भाकर’ या केंद्रांतून कष्टकऱ्याला परवडेल असे पोटभर जेवण. दुसरी, पोत्याचे वजन. एकेकाळी धान्याचे, साखरेचे पोते शंभर किलोचे असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा शिफारशीत घातली होती, पण बाजारातले पोते त्या शिफारशीने हलके झाले नाही. पन्नास किलोच्या पोत्यासाठी हमालांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. शंभर किलोला व्यापाराच्या दृष्टीने एकच समर्थन होते: हिशेबाला सोपे. तो सोपेपणा कोणाच्या मानेवर उभा होता, हे वहीत दिसण्याचे कारण नव्हते. आज बाजारात पन्नास आणि तीस किलोच्या गोण्या सर्रास येतात, हिशेब काही बिघडलेला नाही.

कृषी उत्पन्न बाजार समितीच्या संचालक मंडळात आज व्यापारी-अडत्यांचे दोन प्रतिनिधी असतात आणि हमाल-मापाडी गटाचा एक. अठरा जणांत एक जागा म्हणजे फार नव्हे. पण ज्या बाजारात ज्याचे नाव खतावणीत नव्हते, त्याचे नाव आता मतदार यादीत असते.

मंडळाची ही कल्पना सध्या एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा वर आली आहे. दुचाकीवरून घरपोच जेवण आणणाऱ्या मुलाचा मालक कोण? उपाहारगृह म्हणते आम्ही नाही. ॲप चालवणारी कंपनी म्हणते तो आमचा ‘भागीदार’. गिऱ्हाईकाचा तर प्रश्नच नाही. दाणाबंदरच्या हमालाचाच हा पेच, फक्त डोक्यावरची पाटी पाठीवरच्या पिशवीत गेली. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा करताना कल्याण मंडळ नेमण्याची आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क घेण्याची तरतूद केली. त्या मागणीसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे महाराष्ट्राचा माथाडी कायदा होता. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी असे कलम आहे. तंत्रज्ञान नवे असल्यामुळे एक गोष्ट उलट सोपी झाली आहे. हमालाने दिवसभरात किती पोती कोणाच्या दुकानी उतरवली याची नोंद ठेवायला मंडळाला कारकून लागत. ॲपवर प्रत्येक फेरी, तिची वेळ, तिचे अंतर आणि तिचा मोबदला आपोआप लिहिला जातो. माणसाचे नाव या वहीत पहिल्या दिवसापासून आहे. त्याच्या पुढे जमेची बाजू कोण भरणार, एवढेच ठरायचे आहे.

दरम्यान मुंबईचा घाऊक बाजार कधीच वाशीला गेला. माथाडींची घरे घणसोली, कोपरखैरणे येथे झाली. त्यांची शिकलेली मुले ओझे वाहत नाहीत, आणि बापांनाही तेच हवे होते. मालाचा मोठा ओघ आता बाजारपेठेत न येता भिवंडीच्या अवाढव्य गोदामांतून थेट दुकानांत आणि घरांत जातो. तेथे माल उतरवायला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड अशा राज्यांतून आलेले तरुण असतात. गोदामाच्या दारावर बोटाच्या ठशाने हजेरी लागते, सामानाच्या प्रत्येक खोक्यावर पट्ट्यांचा संकेत असतो आणि कोणते खोके कोणत्या क्षणी कुठे आहे ते पडद्यावर दिसते. ही मुले मात्र बहुधा कंत्राटदाराची असतात. हंगाम संपला की कंत्राट संपते. गोदामाच्या हिशेबात त्यांच्या मजुरीसाठी एक खाते असते. त्याला आता हमाली म्हणत नाहीत. ते ‘लॉजिस्टिक्स’ खर्चात जाते.